धवलारणीच्या अकरा सुपाऱ्या

शांती : हलू नका. पोट जरा आत घ्या. हां, आता सोडा.

रामचंद्र : पानी थंड हाय.

शांती : कोमट हाय. आताच उतरवलंय. तुमाला रोजच थंड लागतं.

रामचंद्र : रोज थंडच असतं.

शांती : बरं, उद्या उकलतं ओतते. कातडी सोलून निघाली म्हंजे कलेल. बगा, कडेनी कशी लाल झालीय. सकाली मी बाजारात गेले तवा तुमीच बदललीत ना पिशवी?

रामचंद्र : भरलेली. मंग काय, तुझी वाट बगत बसू?

शांती : बसायचं. भोक केवढं मोठं कापलंय! सिस्टरनी काय सांगितलं होतं? आतडं जेवढं भायेर दिसतंय तेवढंच भोक. जास्त कापलं की घान कातडीला लागते, कातडी जलते. ऑपरेशनला पाच महिने झाले, अजून तुमाला कातरी धरता येत नाय.

रामचंद्र : पंचवीस वर्षं जाली विनली मी खाडीवर. मना कातरी नको शिकवू.

शांती : जाल्यातून पानी गेलं तं चालतं. हिच्यातून गेलं तं चादरी मना धुवायला लागतात. एवढाच फरक हाय.

रामचंद्र : बोल. सगलं बोलून घे.

शांती : बोलतेच हाय. गप बसून कोनाचं भलं झालंय? बोट काढा तिथून. पावडर टाकते.

अरुणा : शांतीबाय! हायेस का घरात?

रामचंद्र : दार! दार लाव आदी!

शांती : पडदा हाय ना मधी. ती काय आत घुसते? अगो अरुने, ओटीवरच थांब गो! हात घान हायेत माजे.

अरुणा : थांबते, थांबते. घाई नाय काय.

रामचंद्र : वास जातो भायेर.

शांती : अख्ख्या घनसोलीत सुकं वालत घातलंय घराघरात. तुमचा वास कोनाला येतोय? पडून ऱ्हावा गप. हा पंचा घ्या अंगावर. आलेच मी. — बोल गो अरुने. तुझा घरवाला पोपट बरा हाय ना?

अरुणा : मस्त हाय. कंपनीत सेकंड शिफ्टला गेलाय, नायतर दोघं पण आलो असतो. अगो, गोड बातमी हाय. आमच्या रुतिकाचं ठरलं!

शांती : काय सांगतेस! कुठं?

अरुणा : करंजाड्याला. पोरगा पनवेलला ऑफिसात हाय, शर्ट इन करून जातो रोज. भटजींनी तारीख काढली, फेब्रुवारी सत्त्याण्णव, माघातली. हळद आपल्या दारात, लग्न पण आपल्या दारात. माझा भाऊ बोलतो, वाशीला हॉल घे, सोसायटीवाले घेतात तसा. मी बोलले, गप रे. हॉलमधी पंख्याचा आवाज, धवले कोण ऐकणार तिथं? म्हणून सुपारी घेऊन आलेय. पहिली तुझ्याकडे. बँडवाला नंतर, भटजी पण नंतर.

शांती : बरं केलंस आलीस ती. पोरगी सुखात राहू दे. सुपारी ऱ्हाव दे तुझ्याकडंच. मी घेत नाय आता.

अरुणा : घेत नाय म्हंजे?

शांती : म्हंजे घेत नाय. गात नाय मी. या लगीनसराईला चार घरं आली, चारी परत पाटवली.

अरुणा : मस्करी करतेस काय! माझ्या लग्नाचे धवले तू गायलेलीस. हळद दळताना तू, मांडवाची मेढ पुरताना तू, नवरी न्हाताना तू. धवलारीन नसेल तर आमच्यात लग्न लागतं काय? आणि धवलारीन म्हंजे तूच. दुसरी कोण हाय?

शांती : गोठिवलीची ती नवीन हाय ना. बरी गाते.

अरुणा : ती? ती कॅसेटवरून शिकलीय. मधीच गप होते, लोकांना वाटतं आता बाजू पलटेल.

शांती : हसवू नको मना. घरात दुखनेकरी हाय, अरुने. त्यांना टाकून मी कुठं गात फिरू?

अरुणा : दोन दिवसांचं तर हाय. पोपट रजा टाकून रामचंद्र दादूसजवळ बसेल, तू टेन्शन कशाला घेतेस? आणि दादूसला विचार ना तू. तो नाय बोलेल काय? अगो, गेल्या लगीनसराईत एवढं रगत पडत होतं, तरी तुझी एक सुपारी मोडू दिली काय त्यानं? कंपनीच्या डॉक्टरनं परळच्या मोठ्या हॉस्पिटलची चिठ्ठी दिली, पोपट रोज बोलायचा, जा रे, दाखवून ये. तर दादूस काय बोलला म्हायतेय? बोलला, तिच्या अकरा सुपाऱ्या हायेत वैशाखापर्यंत. तिला सांगितलंस तर तुझं माझं संपलं. असा नवरा कोणाला मिळतो सांग!

शांती : कवा?

अरुणा : काय कवा?

शांती : चिठ्ठी कवा दिली डॉक्टरनी?

अरुणा : तुला... तुला माहीत हाय ना?

शांती : मना सांगितलं वैशाखात दिली. दिली नि चौथ्या दिवशी आमी परळला गेलो.

अरुणा : आई गं.

शांती : अरुने, माझ्याकडं बग. कवा दिली?

अरुणा : संक्रांत झाली आणि लगेच. पोपट पण तिथंच होता दवाखान्यात, त्याला टिटॅनसचं घ्यायचं होतं. बाय, माझ्या तोंडाला काय आग लागली! मला वाटलं आता ऑपरेशन झालं, सगळं निस्तरलं, तुमी बोलला असाल एकमेकांशी.

शांती : बोललो नाय.

अरुणा : मी जाते. सुपारी या कोनाड्यात ठेवतेय. नको बोलू नकोस, नुसती ठेवतेय. घ्यायची का नाय ते तू नंतर बघ. दादूस, येते मी! तब्येतीला जप!

(शांती पडद्याआड परत येते.)

रामचंद्र : उघडंच टाकून गेलीस. लाव ना पिशवी.

शांती : लावते.

रामचंद्र : ती अरुना जरा जास्तच बोलते. पयल्यापासून.

शांती : खोटं बोलली काय ती?

रामचंद्र : पावडर जास्त झाली. चिकटनार नाय.

शांती : मी विचारलं, खोटं बोलली काय?

रामचंद्र : नाय.

शांती : माघ, फाल्गुन, चैत, वैशाख. चार महिने. चार महिने चिठ्ठी घेऊन फिरलात तुमी? कुठं ठेवलेली?

रामचंद्र : जाल्याच्या थैलीत. वर, माल्यावर. तू तिथं हात घालत नाय.

शांती : तुमाला आठवतं, ऑपरेशन झाल्यावर डॉक्टर काय बोलला? तुमी गुंगीत होता, नसंल आठवत. मना आठवतं. बोलला, बाई, आदी आला असता तं खालची वाट वाचवता आली असती. पिशवी दोन-तीन महिनेच लागली असती, मंग काढून टाकली असती. आता जल्माची. मी पाया पडत होते त्याच्या. साहेब, कललं तसं आनलं, कललं तसं लगेच आनलं. तो बिचारा कागद बगत ऱ्हायला. चिठ्ठीवरची तारीख त्यानं वाचली असंल. मनात बोलला असंल, कशी खोटारडी बाई हाय.

रामचंद्र : तू कशाला खोटारडी? तुला कुठं माहीत होतं?

शांती : हात वर घ्या. मना दिसत नाय नीट.

रामचंद्र : रडतेस?

शांती : रडू नको तं काय करू? दिवाली करू?

रामचंद्र : माझं ऐक. एक सुपारी परत केली असतीस तं बाकीच्या दहा घरांना कललं असतं. दुखनं रगताचं. लोक बोलले असते, धवलारनीच्या घरात असं हाय, आपल्या शुभकार्यात नको. परत कोन आला नसता तुझ्या दारात.

शांती : नसता आला तं नसता! मी मावरं विकून खाल्लं असतं.

रामचंद्र : खान्याचं नाय बोलत मी.

शांती : मंग कशाचं बोलता?

रामचंद्र : नाय सांगता येत.

शांती : सांगा. आज सोडनार नाय मी. पिशवी माझ्या हातात हाय.

रामचंद्र : घरात तू असतेस, भांडी, मावरं, माझ्यावर खेकसनं. मांडवात गेलीस की येगलीच होतेस. तू तोंड उघडलंस की पोरंटोरं, पिऊन आलेले, सगले गप. भटजी पन थांबतो. मी मागं बाकड्यावर बसून बगायचो. आपली शेतं गेली. खाडीत मावरं ऱ्हायलं नाय. मी गेलो रबाल्याला दुसऱ्याचं ड्रम ढकलायला. मना कोन बोलवायला येत नाय, शांते. सुपरवायझर पन शिट्टी मारतो. घरात एक तरी मानूस असावं, लोक हात जोडून बोलवायला येतात असं. एवढंच.

शांती : एवढंच.

रामचंद्र : मना वाटलं चार महिन्यांनी काय होतंय. मूलव्याधच असंल. वैशाख सरला की जाऊ.

शांती : डॉक्टरनी चिठ्ठीत मूलव्याध लिवलेलं?

रामचंद्र : नाय. काय लिवलेलं ता मना वाचता येत नव्हतं. पन मूलव्याधीला कोन परळला पाटवत नाय, एवढं मना कलत होतं. झाली चूक. मोठी चूक झाली. रोज ही पिशवी बगतो नि बोलतो, रामचंद्रा, तुझ्या हातानी केलंस. पन ज्याच्यापायी केलं ता तरी ऱ्हावं ना! तू सुपाऱ्या परत करायला लागलीस. चार घरं आली नि चारी पाटवलीस, मना आता कललं. मंग मी कशापायी गप बसलो? आतडं पन गेलं नि गानं पन गेलं?

शांती : मी गाऊ? कुठल्या तोंडानी गाऊ?

रामचंद्र : होतं त्याच तोंडानी.

शांती : अवो, मना माहीत होतं.

रामचंद्र : काय?

शांती : रगत. चिठ्ठीचं नाय, पन रगताचं माहीत होतं. या घरात कपडे कोन धुतं? पौषातच बगितलं तुमच्या लेंग्याला. पयल्यांदा वाटलं, पान खाल्लं असंल, सांडलं असंल. पन पान मागून कसं सांडंल? आठ दिवसांनी परत. मंग रोजच. मी तुमचा लेंगा येगला भिजवायची, मीठ घालून. परसदारी आडोशाला वालत घालायची, शेजारनीला दिसू नये म्हनून. हात धुवायची, गजरा मालायची नि गाडीत बसायची.

रामचंद्र : मना कवा विचारलं नायस.

शांती : नाय विचारलं. विचारलं असतं तं तुमी सांगितलं असतं. सांगितलं असतं तं मना घरात बसायला लागलं असतं. म्हनून नाय विचारलं. आता बोला मना काय बोलायचंय ता. मारा पायजे तं.

रामचंद्र : मी कवा मारलंय तुला?

शांती : मारलं असतं तं बरं वाटलं असतं. मी मनाला सांगायची, उष्नता हाय, कंपनीत भट्टीजवल उभे ऱ्हातात ना. सब्जा भिजवून दिला तुमाला. ताक दिलं. कालवनात मिरची कमी केली. बास, बायकोचं काम झालं! नि तिकडं दुसऱ्याच्या पोरींना गाऊन सांगत होते, नवऱ्याला जप बाय, घरधन्याला जप. सगल्या बाया डोले पुसायच्या. मी पन पुसायची. अवो, मी पन पुसायची!

रामचंद्र : मिरचीचं मना माहीत होतं.

शांती : काय माहीत होतं?

रामचंद्र : तीस वर्षं तुझ्या हातचं खातोय. निवट्यांचं कालवन नि फिक्कं? पयल्याच घासाला कललं. बोललो, शांतीनी बगितलंय.

शांती : नि गप ऱ्हायलात?

रामचंद्र : वाट बगत होतो.

शांती : कशाची?

रामचंद्र : तू विचारशील त्याची. विचारलं नायस तवा बोललो, बरं झालं, खोटं बोलायला नको. बरं वाटायचं. नि थोडं... वाईट पन वाटायचं. ताटावर बसलो की रोज वाटायचं, आज विचारेल. तू भाकरी वाढायचीस नि दाराकडं बगायचीस, गाडी आली का म्हनून.

शांती : नका बोलू.

रामचंद्र : तू बोल बोललीस म्हनून बोललो.

शांती : एका घरात, एका ताटावर. दोगांना माहीत. मी कालवन फिक्कं करते, तुमी फिक्कं खाता. कोन बोलत नाय. काय मानसं आपन!

रामचंद्र : चाप लावलास का खाली?

शांती : लावला.

रामचंद्र : नीट लाव. परवा पोपट आलेला, त्याच्यासमोर ह्या पिशवीनी आवाज केला. एवढा मोठ्ठा. पोपट बोलला, कुत्रा गुरगुरतोय काय रे पलंगाखाली? मना मेल्यासारखं झालं.

शांती : तुमी काय बोललात?

रामचंद्र : हां बोललो. कुत्रा हाय.

शांती : तो वाकून बगायला लागला असंल.

रामचंद्र : लागला ना! बिस्किट मागत होता, कुत्र्याला टाकायला.

शांती : हसवू नका हो. रडतेय मी. मना धड रडू पन देत नाय तुमी.

रामचंद्र : अरुनाची सुपारी घे.

शांती : तुमी मांडवात येनार?

रामचंद्र : मी कुठं येतोय आता?

शांती : मंग मी पन नाय.

रामचंद्र : शांते, पाच महिन्यांत मी ओटीच्या खाली उतरलो नाय. मांडवात हिनं आवाज केला तं?

शांती : करू दे. बँडवाला असतो ना, त्याच्या नावावर जाईल. मी आदी नवीन पिशवी लावीन, वर टॉवेल बांदीन, नवीन सदरा घाला ढगलासा. मागं बाकड्यावर बसा, बसायचात तिथंच. पन बसा. तुमी घरात पडलेले नि मी तिथं उभी, असं आता मना जमनार नाय. मेले तरी जमनार नाय.

रामचंद्र : नि आलो तं गाशील?

शांती : आवाज फुटला तं गाईन. फुटंल असं वाटत नाय. तोंड उघडलं की मना तुमचा लेंगा दिसेल.

रामचंद्र : दिसू दे. गा तू. ती पोरगी आपल्या अंगाखांद्यावर वाढलीय. तिचं लग्न आपल्यापायी सुनं नको.

शांती : बरं. सांगते अरुनाला.

रामचंद्र : आज सांग. नायतर ती गोठिवलीवालीकडं जाईल.

शांती : सांगते बोलले ना. उठा आता हलू हलू. माझ्या खांद्याला धरा. दुखतंय?

रामचंद्र : नाय. आज नीट बसलीय.

शांती : एक विचारू तुमाला?

रामचंद्र : आता विचारून काय? बरं, विचार.

शांती : पौषात पयल्यांदा लेंगा बगितला, तवाच तो हातात घेऊन मी तुमच्या म्होरं आले असते. बोलले असते, हे रगत कसलं? खरं सांगितलं असतं तुमी?

रामचंद्र : नाय.

शांती : नाय?

रामचंद्र : खोटं बोललो असतो. बोललो असतो, कंपनीत पत्रा लागला. तुला मांडवात पाटवलं असतं.

शांती : तरी पन मी विचारायला पायजे होतं.

रामचंद्र : हां. पायजे होतं.